विकलेल्या मालाचं दुकान

चाचांच्या दुकानात विकायला फारसं काही नसायचं, पण दुकान कायम भरलेलं असायचं. नारायण पेठेतल्या त्या लाकडी सामानाच्या दुकानात नवीन शिरलेल्या गिऱ्हाइकाला हे कळायला जरा वेळ लागे. तो शिसवी झोपाळ्यावरून हात फिरवी, जेवणाच्या टेबलावर टिचकी मारून बघे आणि विचारी, "हे केवढ्याला?"

"विकलंय," चाचा म्हणत.

"आणि ते कपाट?"

"तेही."

"मग इथे विकायला आहे तरी काय?"

चाचा चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांकडे बोट दाखवत. "त्या आहेत. पण तुम्हाला आवडायच्या नाहीत. आवडण्यासारख्या असत्या तर एव्हाना कुणीतरी घेतल्या असत्या."

चाचांचे पणजोबा सुतारकामासाठी पुण्यात आले आणि तेव्हापासून हे घराणं पुण्याचंच झालं. घरी दखनी हिंदी, दुकानात मराठी. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ आणि इतकं आखूड होतं की शेजारच्या बोळातले निवृत्त हेडमास्तर केवळ ते ऐकायला संध्याकाळी पायरीवर येऊन बसत आणि आपल्या वाट्याचं ऐकून घेऊन तृप्त मनाने घरी जात. दुकानावर पाटी नव्हती. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "ज्याला यायचंय त्याला माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याला वाचून काय कळणार?"

माल विकूनही दुकानात का राहायचा, हे त्या दिवसांत पुण्यात असलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. कोथरूडला, सहकारनगरला नवे ब्लॉक बांधले जात होते. ब्लॉकचा ताबा 'पुढच्या दिवाळीत' मिळायचा आणि ती दिवाळी दरवर्षी पुढचीच असायची. पण म्हणून कुणी पाडवा किंवा दसरा चुकवत नसे. नवरा-बायको मुहूर्त साधून येत, न झालेल्या घरासाठी टेबल पसंत करत, पूर्ण पैसे देत, टेबलाला हळदकुंकू लावत आणि म्हणत, "चाचा, ताबा मिळाला की नेतो हं." खरेदी मुहूर्तावर होई आणि वस्तू तिथेच राही.

त्यात चाचांच्या बैठकीमागे खिळ्याला पंचांग टांगलेलं असे. धंदाच मुहूर्तावर चालणारा, तेव्हा ते त्यांनी कोळून प्यायलं होतं. एखादा बिचारा खरंच हातगाडी घेऊन आला की चाचा पंचांग काढत, बोट फिरवत आणि म्हणत, "आज दुपारपर्यंत भद्रा आहे. मला काही नाही. पण उद्या पाय मोडला तर तुमच्या सासूबाई मला बोलतील. पलंगाचा म्हणतोय मी." गाडीवाला रिकामा परत जाई. पलंगही आणखी काही महिने तिथेच मुक्काम करी.

या सामानाला चाचांच्या तोंडी वस्तूंची नावं नव्हती, मालकांची होती. "देशमुखांना जरा भिंतीकडे सरकवा," ते हमालाला सांगत. "गोगटेबाईंवर पिशवी ठेवू नका." मधोमध टांगलेला तो शिसवी झोपाळा म्हणजे फाटकसाहेब. एकदा एका जाडजूड गृहस्थांनी त्यावर बसून झोका घेतला. चाचा शांतपणे म्हणाले, "उठा. फाटकसाहेबांना ओळखता का आपण?" गृहस्थ नाही म्हणाले. "मग त्यांच्या मांडीवर काय बसलाय?"

रोज सकाळी ते स्वतः फडकं घेऊन सगळं पुसत. फक्त त्या दोन विकाऊ खुर्च्यांवर धूळ असे. "त्या माझ्या आहेत," ते म्हणत. "बसू दे धूळ. दुसरं कुणी बसत नाही."

त्या सामानात एक टेबल माझंही होतं.

मी करमाळ्याहून कायदा शिकायला पुण्यात आलो होतो. वडील बाजारात पोती उचलत. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. बी.ए.पर्यंतचा सगळा अभ्यास मी धान्याच्या पोत्यावर पाट ठेवून केला, आणि तो नीट झाला, त्याबद्दल मला त्या पोत्यांचं आजही काही वाईट वाटत नाही. पण मनात एक टेबल होतं. शिकवण्यांचे पैसे साठले तसा पाडव्याला मी चाचांकडे गेलो आणि एक छोटं, खणाचं सागवानी टेबल घेतलं.

"कुठे पाठवू?" चाचांनी विचारलं.

मी राहत होतो ती खोली चौघांत होती. प्रत्येकाला एक कॉट आणि भिंतीला एक खिळा.

"जागा नाही," मी म्हणालो.

"मग घेतलंत कशाला?"

"आज मुहूर्त आहे."

"टेबलाचा. जागेचा नाही." त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. "काय शिकता?"

"कायदा."

"चांगलं आहे. राहू दे. रोज येऊन बघून जा, म्हणजे विसर पडणार नाही."

मी रोज संध्याकाळी जाऊ लागलो, ते बघायला नव्हे, अभ्यासाला. पहिल्या दिवशी मी टेबलावर पुस्तक ठेवलं आणि एक विकाऊ खुर्ची ओढली.

"ती माझी आहे," चाचा म्हणाले.

"बसू का?"

"घेता का?"

"नाही."

"मग झिजवू नका. टेबल तुमचं आहे, त्यावर हवं ते करा."

आठवडाभर मी उभ्याने अभ्यास केला. माझ्या टेबलावर कोपर टेकून, पाय बदलत. शेवटी जुन्या बाजारातून एक स्टूल आणलं. चाचांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "या दुकानात बाहेरून आलेला हा पहिला माल. बनावट वाईट आहे. पण बसा, वकीलसाहेब." मी तेव्हा वकिलीच्या पहिल्या वर्षाला होतो. मला त्या नावाने हाक मारणारे ते जगातले पहिले गृहस्थ. त्यात थट्टा किती होती ते मला कळत होतं, तरी बरं वाटे. दिवा त्यांचा, पंखा त्यांचा, आणि अमृततुल्यमधून दोन कप चहा येई त्यातला एक माझ्या पुस्तकाशेजारी न बोलता ठेवला जाई. त्या उपकाराविषयी मी एकदा काही बोलायला गेलो तर म्हणाले, "वाचा. परीक्षेत चहावर प्रश्न येणार नाही."

एकदा मांजरी गावचे एक बागायतदार आले. उसाचे पैसे हातात, नवा बंगला, आणि झोपाळा बघताच ते त्याच्यावर लुब्ध झाले.

"ह्यो इकायला हाय का?"

"विकलाय."

"कवा?"

"झाली काही वर्षं."

"मग हितं काय करतोय?"

"राहतोय."

बागायतदारांनी दुप्पट किंमत सांगितली. चाचांनी मान हलवली. तिप्पट सांगितली. चाचा म्हणाले, "आपण फाटकसाहेबांना विचारा. माझ्याकडे किंमत वाढवून उपयोग नाही. मी नुसता शेजारी आहे त्यांचा."

"येडाय का काय म्हातारा," असं मला उद्देशून म्हणून बागायतदार गेले.

मी त्याच सुमारास मालविक्रीचा कायदा वाचत होतो. मी मोठ्या उत्साहाने चाचांना समजावलं की तुम्ही केलंत ते कायद्याला धरून आहे. पूर्ण पैसे मिळाले की वस्तू गिऱ्हाइकाची झाली; ती दुकानात असली तरी दुकानदाराला दुसऱ्याला विकता येत नाही. पण दुकानदार अगदीच हात बांधून बसलेला नाही. चव्वेचाळीसावं कलम सांगतं की माल तयार आहे, घेऊन जा, अशी त्याने मागणी करायची. मागणी करूनही गिऱ्हाइकाने वाजवी मुदतीत नेला नाही, तर सांभाळण्याचा वाजवी खर्च मागता येतो.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आधी मी मागायचं?"

"हो. मागणी महत्त्वाची."

"घेऊन जा म्हणायचं? लोकांना?" ते फडकं झटकून म्हणाले. "पोरीचं लग्न लावून दिल्यावर जावयाला कुणी विचारतं का, की बाबा, कधी नेतोस? त्याला वाटेल, यांना जड झाली."

तो विषय तिथे संपला असता. पण दुकानाच्या वर घरमालक राहत होते.

घरमालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आणि वेळेने अतिशय श्रीमंत. त्यांच्या जावयाला टीव्हीचं दुकान काढायचं होतं. चाचांच्या आजोबांपासून चालत आलेलं भाडं होतं. ती जागा गेली असती तर त्या भाड्यात चाचांना पेठेत उंबरठासुद्धा मिळाला नसता. आणि एक दिवस नोटीस आली: दुकानासाठी दिलेल्या जागेचा आपण गोदाम म्हणून वापर करीत असून तेथे परक्या लोकांचा माल साठवीत आहात, सबब जागा खाली करून द्यावी. पाठोपाठ दावा लागला.

तेव्हा मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि सकाळी सदाशिव पेठेत एका वकिलांच्या ऑफिसात कागद लावायला बसत होतो. चाचांना मी तिथे घेऊन गेलो. आमच्या सरांनी नोटीस वाचली आणि हसून बाजूला ठेवली.

"सोपं आहे. हा सगळा माझा विक्रीचा स्टॉक आहे, एवढं एक वाक्य साक्षीत बोला. प्रकरण संपलं."

"पण तो माझा नाही," चाचा म्हणाले.

"तुमच्या दुकानात आहे ना?"

"तुमच्या ऑफिसात मी बसलोय, साहेब. मी तुमचा झालो का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फायलीत डोकं घातलं.

"अहो, कोर्टाला कोण सांगायला जाणार आहे?"

"मलाच विचारतील म्हणताय ना? मग मीच सांगेन."

"आणि खरं सांगितलंत तर तो गोदामच म्हणणार. दुकान जाईल, चाचा."

"ते दिसतंय मला." चाचांनी टेबलावरचा पेपरवेट सरळ करून ठेवला. "लोकांची अमानत आहे ती. शपथ घेऊन ती माझी म्हटली, तर उद्या कोणत्या तोंडाने त्यांच्या हवाली करू?"

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी, गंज पेठेत गेलो. चाची चहा देताना मला म्हणाल्या, "बेटा, कुछ करो. दुकान गया तो ये आदमी दिनभर घर में बैठेगा. मेरे कू पंचांग सुनायेगा." त्या हसत होत्या, पण चहात साखर घालायला विसरल्या होत्या.

मार्ग एकच होता. माल घेऊन जा, असं गिऱ्हाइकांना सांगणं. मी चव्वेचाळीसावं कलम पुन्हा काढलं. चाचांनी हात वर केला. "पत्र लिहायचं नाही. खर्च मागायचा नाही. जाऊन सांगू. पण तुम्ही बरोबर चला. मला ते वाक्य येत नाही."

कोथरूडला फाटकांच्या ब्लॉकमध्ये आम्ही पहिल्यांदा गेलो. जुन्या पत्त्यावर चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांना ताबा केव्हाच मिळालेला होता. फाटकसाहेबांनी दार उघडलं, चाचांना पाहिलं, आणि एवढा उंच माणूस एकदम बुटका झाला.

"या, या. मी येणारच होतो हो."

"कुठे?" चाचा म्हणाले.

फाटकबाई बाहेर आल्या. त्यांना खोटं बोलण्याचा कंटाळा असावा. "चाचा, खरं सांगू का? हा हॉल बघा. इथे झोपाळा टांगला तर स्वयंपाकघरात जायला मला त्याच्यावरून उडी मारायला लागेल. हे रोज म्हणतात, सांगून येतो. गेले मात्र कधी नाहीत."

"कसं सांगणार?" फाटकसाहेब म्हणाले. "तुम्ही किती जपून ठेवलाय. नको म्हणायला तोंड होईना. आम्ही तुमच्या गल्लीतून जाणंच सोडलं. मंडईत जायला वळसा घालून जातो."

मीच त्यांचं वाक्य म्हटलं: माल तयार आहे, कृपा करून घेऊन जा. आणि दुकानाचं काय चाललंय तेही सांगितलं.

परतीच्या बसमध्ये चाचा खिडकीबाहेर बघत होते. नळस्टॉप गेल्यावर म्हणाले, "म्हणजे मी यांना लाजत होतो आणि हे मला."

पुढच्या घरांत हेच. कुणाचा ब्लॉक लहान निघाला, कुणाच्या सुनेने स्टीलचं कपाट आणलं, कुणी मुलाकडे राहायला गेलेलं. सगळे चाचांना चुकवत होते. एका गृहस्थांनी तर दोन गल्ल्या सोडून न्हावी बदलला होता.

मग कोर्टाने जागेची पाहणी करायला एक तरुण वकील कमिशनर म्हणून नेमला, आणि त्याने जी तारीख दिली ती बघून चाचांनी पंचांग खिळ्याला परत टांगलं.

"पितृपंधरवडा," ते म्हणाले. "या दिवसांत पुण्यात कुणी नवा चमचादेखील घरी नेत नाही. मीच कितीजणांना परत पाठवलंय."

त्या तारखेच्या आत माल हलवायला हवा होता, नाहीतर कमिशनरसमोर तरी. आम्ही पुन्हा घरोघर निघालो. या वेळी चाचांनी मला बोलू दिलं नाही. फाटकसाहेबांनी अपेक्षेप्रमाणे पंधरवड्याचं नाव काढलं.

"साहेब, पैसे कधी दिलेत?" चाचांनी विचारलं.

"पाडव्याला."

"हळदकुंकू कधी लावलंत?"

"तेव्हाच."

"म्हणजे वस्तू तुमची कधी झाली?"

"तेव्हाच की."

"मग नवीन काय नेताय? मुहूर्त खरेदीला लागतो, तो तुम्ही साधलात. आता तुमची वस्तू तुमच्या घरी येतेय. सकाळी फिरायला जाऊन तुम्ही परत येता, तेव्हा मुहूर्त बघता का?"

फाटकसाहेब विचारात पडले. फाटकबाई आतून म्हणाल्या, "आणि सासूबाईंना विचाराल तर एवढा पैसा परक्या घरी लटकलेला वरून बघूनच त्या अस्वस्थ असतील. आणा तो घरी. मी मारीन उड्या."

मी चाचांकडे बघत राहिलो. मालकी पैसे दिल्यावर जाते, ताबा नंतर दिला तरी चालतो, हे मी पाच वेगवेगळ्या पुस्तकांत वाचून घोकलं होतं. पितृपक्षावर ते लागू पडतं हे एकाही पुस्तकात नव्हतं.

पाहणीच्या दिवशी गल्लीत हातगाड्यांची रांग लागली. देशमुख टेम्पो घेऊन आले. गोगटेबाई दोन भाच्यांना घेऊन आल्या आणि आपल्या कपाटाला दार किती, हे विसरल्यामुळे दुसऱ्याच कपाटाशी भांडत उभ्या राहिल्या. हमाल झोपाळ्याच्या कड्या काढत होते. फाटकसाहेब खाली उभे राहून "हळू, हळू" म्हणत होते. पेठेतलं कुणी कामावर गेलं नसावं. हेडमास्तर पायरीवर बसून प्रत्येक वस्तू बाहेर निघाली की मान डोलवत.

कमिशनर आला, त्याच्यामागे घरमालक आणि आमचे सर.

"बघा," घरमालक म्हणाले. "गोदाम. मी म्हटलं नव्हतं?"

कमिशनरने वही काढली आणि चाचांना विचारलं, "हे टेबल कुणाचं?"

"देशमुखांचं."

"तो झोपाळा?"

"फाटकसाहेबांचा."

"ते आतलं टेबल?"

"या वकीलसाहेबांचं. स्टूलसुद्धा. ते मात्र मी विकलेलं नाही, लिहून ठेवा. बनावट वाईट आहे."

"आणि तुमचं काय आहे इथे?"

चाचांनी त्या दोन खुर्च्या दाखवल्या. आमच्या सरांनी कपाळावर हात ठेवला.

दुपारपर्यंत दुकान धुतल्यासारखं झालं. "वकीलसाहेब, आपलंही," चाचांनी मला सांगितलं. मी टेबल डोक्यावर घेतलं. खोलीत ते शिरेना. शेवटी सरांनी ते आपल्या ऑफिसात खिडकीपाशी लावायला सांगितलं, आणि मलाही त्याच्याशी बसायला.

घरमालक मात्र खूश होते. रिकाम्या दुकानात उभे राहून ते कमिशनरला म्हणाले, "आता हेही लिहा. दुकान बंद पडलंय. माल नाही."

"जे दिसलं ते सगळं लिहिलंय," कमिशनर म्हणाला.

पुढचे दिवस वाईट गेले. चाचा त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसून रस्त्याकडे बघत. मी गेलो की म्हणत, "आवाज घुमतो हो इथे. जपून बोलायला लागतं."

घट बसले आणि फाटकसाहेब आले. त्यांचं कपाळ सुजलेलं होतं.

"काय झालं?"

"झोपाळा," फाटकसाहेब म्हणाले. "चाचा, तुम्ही ठेवून घ्या ना. होता तसा."

"ठेवत नाही," चाचा म्हणाले. "कोर्टात प्रकरण आहे. हे दुकान आहे, गोदाम नाही. विकायचा असेल तर बोला."

फाटकसाहेब इतके सुटल्यासारखे हसले की मला वाटलं ते चाचांना मिठी मारतील. चाचांनी झोपाळ्याची घासाघीस मात्र पुरती केली. कडीला गंज आहे, वापरलेला आहे, पितृपक्षात नेलेला आहे, असं सगळं ऐकवलं. मग देशमुख आले. मग गोगटेबाई. दसऱ्यापर्यंत दुकान पुन्हा भरलं, आणि या वेळी त्यातलं सगळं चाचांचं होतं. मांजरीच्या बागायतदारांना त्यांनी निरोप पाठवला: झोपाळा राहायचा थांबलाय. ते दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन हजर झाले आणि झोपाळा घेऊनच गेले. त्यांच्याकडून चाचांनी किती घेतले ते मला सांगितलं नाही, पण त्या संध्याकाळी चहाबरोबर क्रीमरोल आला.

साक्षीच्या दिवशी घरमालकांच्या वकिलाने चाचांना घेरलं. "पाहणीच्या दिवशी दुकानातला बहुतेक माल तुमचा नव्हता, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"आणि संध्याकाळी दुकान रिकामं होतं?"

"होतं."

"मग त्याला दुकान कसं म्हणायचं?"

चाचांनी चष्मा काढून पुसला. "साहेब, माल विकला गेला आणि गिऱ्हाईक घेऊन गेलं. दुकान यापेक्षा वेगळं काय करतं?"

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान खाली घातली, ती बराच वेळ वर केली नाही. निकालात त्यांनी म्हटलं की विकलेला माल गिऱ्हाइकाला नेता येईपर्यंत सांभाळणं हा दुकानदारीचाच भाग आहे. दावा फेटाळला. चाचींनी मला जेवायला बोलावलं आणि ताटात नुसतं वाढत राहिल्या.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या पाडव्याला घरमालक जिना उतरून दुकानात आले. त्यांनी एक मोठा पलंग पसंत केला, पूर्ण किंमत दिली, पावती घेतली आणि म्हणाले, "राहू दे इथेच. वर न्यायला माणसं मिळाली की नेतो."

"जशी आपली इच्छा," चाचा म्हणाले.

ते गेल्यावर मी घाबरून म्हणालो, "चाचा, ते पुन्हा दावा लावणार. परका माल, गोदाम."

"एवढा मोठा पलंग कोण उगाच घेईल?" चाचा शांत होते. "तुम्हाला सनद मिळाली ना?"

"मागच्याच महिन्यात."

"मग लिहा. माल तयार आहे, घेऊन जावा. न नेल्यास राखणीचा खर्च आपल्याकडून वसूल केला जाईल."

"किती लिहू?"

"वाजवी. तुमच्या कायद्यात तोच शब्द आहे ना? आकडा लिहिला की माणूस निश्चिंत होतो."

माझ्या नावाची, माझ्या सहीची ती पहिली नोटीस. सही करताना करमाळ्याची आठवण आली, वडिलांना ती दाखवावीशी वाटली. मी म्हणालो, "वरच तर राहतात. मी देऊन येतो."

"रजिस्टर पोस्टाने," चाचा म्हणाले. "पोचपावतीसह."

नोटीस टपालखात्यात फिरून त्याच इमारतीत परत आली. पोस्टमनने दुकानात डोकावून पत्ता विचारला, चाचांनी त्याला आदराने जिना दाखवला. थोड्या वेळाने घरमालक पाकीट हातात घेऊन खाली आले.

"अहो, हाक मारली असतीत तर ऐकू आलं असतं मला."

"आलं असतं. पण हाक कोर्टात दाखवता येत नाही."

"माणसं नाहीत हो माझ्याकडे."

चाचा उठले, बाह्या वर केल्या आणि पलंगाची एक बाजू धरली. "एक मी आहे. जिना आपला आहे, कुठे वळतो ते आपल्याला ठाऊक असेल."

दोघे म्हातारे पलंग घेऊन जिना चढू लागले. मी पुढे झालो तर चाचांनी मला नजरेनेच थांबवलं. वळणावर पलंग अडकला, भिंतीचा पोपडा पडला.

"आपटू नका," चाचा खालून म्हणाले. "माझा माल आहे."

"तुमचा कसला?" घरमालक वरून धापा टाकत ओरडले. "पैसे दिले तेव्हाच माझा झाला तो."

चाचांनी पलंग गुडघ्यावर तोलला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"ऐकलंत ना, वकीलसाहेब?"